आपल्या शिक्षकांची इंग्रजीत ओळख करून देताना

शिक्षकांची ओळख करून देताना मुलं ‘माय टीचर नेम इज…’ म्हणतात, ते चुकीचं: ‘माय टीचर्स नेम इज…’ हवं, कारण नाव शिक्षकांचं आहे. मला त्यात थोडी भर घालायची आहे.

खरी अडचण आदरार्थी बहुवचनाची. मराठीत ‘सर शिकवतात’, ‘बाई समजावून सांगतात’ असं आपण म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘ही टीच’, ‘शी एक्स्प्लेन’ असं तोंडून जातं. इंग्रजीत व्यक्ती कितीही मोठी असो, एकटी असेल तर क्रियापद एकवचनीच: ‘ही टीचेस’, ‘शी एक्स्प्लेन्स’. त्यात अनादर अजिबात नाही, हे मुलांना आधी पटवून द्यायला हवं. माझ्या अनुभवात निम्म्या चुका तिथेच थांबतात. आदर दाखवायचाच असेल तर आडनावाआधी ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ लावावं.

दुसरी चूक काळाची. ‘शी इज टीचिंग अस सिन्स फाइव्ह इयर्स’ हे ‘पाच वर्षांपासून शिकवत आहेत’चं शब्दशः भाषांतर. बरोबर वाक्य: ‘शी हॅज बीन टीचिंग अस फॉर फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स’पुढे सुरुवातीचा क्षण येतो, जसं ‘सिन्स 2019’, ‘फॉर’पुढे कालावधी.

‘टीचेस टू अस’मधला ‘टू’ही नको. आणि ‘शी इज व्हेरी काइंड’ एवढ्यावर थांबू नका. पुढे एक प्रसंग जोडा: न समजलेलं गणित त्यांनी तिसऱ्यांदा, न रागावता कसं समजावलं, ते सांगा. अशा वाक्यात मात्र साधा भूतकाळ: ‘शी एक्स्प्लेन्ड’.