मदत हवी आहे: लेस्टर विद्यापीठाचं नाव कितपत चालतं?

नमस्कार मंडळी. भाचीला इंग्लंडमधल्या लेस्टरहून जेनेटिक्सच्या एमएस्सीची ऑफर आलीय. घरात मात्र एकच पालुपद: "ऑक्सफर्ड नाही, केंब्रिज नाही, रसेल ग्रुप या ब्रिटनमधल्या नामांकित विद्यापीठांच्या गटातही नाही, मग एवढे पैसे कशाला ओतायचे?" अहो, डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध अ‍ॅलेक जेफ्रीजनी १९८४ साली तिथेच लावला! २०१२मध्ये कार पार्कखालून तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा उकरून काढला, तोही तिथल्याच संशोधकांनी. पण हे सांगितलं की दाजी चहाचा कप खाली ठेवून विचारतात, "नोकरीचं काय?"

तिथे शिकलेलं कुणी आहे का इथे? पुढे लॅबमध्ये काम मिळतं, की दुकानात तास भरावे लागतात? पुण्या-मुंबईच्या कंपन्या हे नाव ओळखतात का? दहाच दिवस उरलेत, लवकर सांगा.