एतिहादवरचा तो 0-0 : अर्तेता घाबरला की शहाणपणा केला?

कोथरूडचा_गनर

मंडळी एक भांडण मिटवून द्या. रविवारी टर्फवर खेळून झालं की आम्ही पौड रोडला अमृततुल्यवर बसतो आणि दर रविवारी, म्हणजे अगदी दर रविवारी, माझा रूममेट (मँचेस्टर सिटीवाला, कधीपासून ते विचारलं की चहा गार होतोय म्हणतो) तोच विषय उकरून काढतो. 31 मार्च 2024, इंग्लंडची प्रीमियर लीग, सिटीचं घरचं मैदान एतिहाद, सिटी 0 आर्सेनल 0.

आठवतं ना? रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची मॅच, रात्री नऊची. माझ्या नखांतला रंग तीन वेळा साबण लावूनही निघाला नव्हता, मॅच संपेपर्यंत नखंच उरली नाहीत.

त्याचं म्हणणं, आमचा म्हणजे आर्सेनलचा मॅनेजर अर्तेता घाबरला. पझेशन, म्हणजे बॉलचा ताबा, सिटीकडे सत्तर टक्क्यांच्या वर, आमचे दहा जण बॉक्सच्या आसपास, स्ट्रायकर जेझूसला विंगवर खेळवला तर तोही निम्मा वेळ लेफ्ट बॅकच्या शेजारी उभा. आणि मग तो त्याचा हुकमी हिशोब काढतो. शेवटी सिटी 91 पॉइंट, आर्सेनल 89. ती एक मॅच जिंकला असतात तर तुमचे 91 आणि आमचे 90, विषय संपला. एका ड्रॉने टायटल घालवलं तुमच्या मॅनेजरने, घ्या.

मला हे पटत नाही पण आकडे समोर टाकले की माझं तोंड बंद होतं. अरे आदल्या वर्षी तिथेच छाती पुढे काढून खेळायला गेलो आणि 4-1 खाल्ले, त्यातून माणूस काही शिकला तर तेही चुकलं का? शिवाय मॅचच्या आधी आपण सिटीच्या एक पॉइंट पुढे होतो, ड्रॉनंतरही एक पुढेच राहिलो. मग नेमकी चूक कुठे, सांगा.

नारायणपेठी_निरीक्षक

रूममेट बदला.

औंधचा_स्काउझर

गनर, तुझ्या रूममेटचा हिशोब बरोबर आहे, पण तो मे महिन्यात बसून मार्चचा पेपर सोडवतोय. त्या रात्री सिटी 64 वर होती आणि नऊ मॅच बाकी होत्या. नऊच्या नऊ जिंकले ते, म्हणून 91. त्यातली एक जरी ड्रॉ झाली असती ना, कुठलीही एक, तर 89-89. आणि पॉइंट सारखे झाले की ज्यावर ठरतं तो गोल डिफरन्स (केलेले वजा खाल्लेले गोल) दोघांचाही 62 होता हे लोक विसरतात. जिंकायची मॅच ड्रॉ झाली की सिटीचा किमान एक गोल कमी, म्हणजे कप तुमच्याकडे. मग हाच तुझा रूममेट याच टपरीवर बसून म्हणाला असता, काय डोकं लावलं राव अर्तेताने एतिहादला. तोच मॅनेजर, तोच 0-0.

आणि हो, त्या संध्याकाळी आम्ही, म्हणजे लिव्हरपूल, ब्रायटनला 2-1 हरवून टेबलवर पहिले होतो. तिघांची रेस होती ती, पण आमचं नाव कोणी घेत नाही कारण एप्रिलमध्ये आम्ही जे काही केलं ते आम्हालाही आठवायचं नाहीये. घरच्या मैदानावर पॅलेसकडून 0-1, मग एव्हर्टनकडून 0-2, मग वेस्ट हॅमला 2-2 आणि सब (बदली खेळाडू) म्हणून उतरता उतरता सलाहचं टचलाइनवर मॅनेजर क्लॉपशी वाजलं. सलाहला बेंचवर ठेवायला नको होतं असं मी तेव्हा इथेच चार पानं लिहिलं होतं. आता वाटतं क्लॉप सीझननंतर जातो म्हणून जानेवारीतच सांगून बसला होता, तिथून पुढे टीम निवडून काय फरक पडणार होता. पण हेही मी मार्चचा पेपर मे मध्येच सोडवतोय.

बालेवाडी_स्कायब्लू

मीच तो रूममेट. आणि 2012 पासून सिटी, अग्वेरोच्या गोलपासून, लिहून ठेवा.

माझा मुद्दा हा सोयीस्कर वाकवतो. डिफेन्सिव्ह खेळलात याला माझा विरोधच नाही. ऑक्टोबर 2021 नंतर पहिल्यांदा लीगमध्ये आम्हाला घरी गोल करता आला नाही, मानलं, टोपी काढली. मुद्दा शेवटच्या वीस मिनिटांचा आहे. आमची टीम दमलेली दिसत होती, काउंटरला जागा होती, आणि तुमच्या बेंचचे खेळाडू उतरले ते सुद्धा जणू शेजाऱ्याच्या घरी जेवायला आलोय अशा संकोचाने. चॅम्पियन व्हायचंय त्याने तिथे थोडा तरी जुगार खेळायला हवा होता.

आमच्या मॅनेजरकडे, पेपकडे बघा. तीनच दिवसांनी 3 एप्रिलला ॲस्टन व्हिलाविरुद्ध आमचे हुकमी एक्के हालांड आणि डी ब्रुयना दोघंही बेंचवर. टायटल रेस ऐन रंगात असताना! मी मेसच्या ताटावरून उठून शिव्या घातल्या होत्या. फोडनने हॅटट्रिक मारली, 4-1. याला म्हणतात निर्णय.

कोथरूडचा_गनर

आणि फोडनने मारली नसती तर? मग तू मेसमध्ये परत जेवायला बसलाच नसतास.

खडकीचा_रेड_डेव्हिल

तुम्ही पोरं 2024 वर अडकलायत. याच ग्राउंडवर, याच प्लॅनने, आमच्या मँचेस्टर युनायटेडच्या मॅनेजरने, फर्गीने काय केलं ते कोणी काढत नाही कारण फर्गीला नावं ठेवायची सवय नाही कोणाला.

30 एप्रिल 2012. आपल्याकडे रात्री साडेबाराला किकऑफ, म्हणजे तारीख बदलून 1 मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून खडकीत आमच्या गल्लीत एका मित्राच्या गच्चीवर टीव्ही चढवलेला, केबल खालून वर ओढलेली. आम्ही तीन पॉइंट पुढे. ड्रॉ चालणार होती. फर्गीने पार्क जी-सुंगला उतरवला, पुढे एकटा रूनी, बाकी सगळे मधे गर्दी करायला. प्लॅन तोच, मागे बसा आणि पॉइंट घेऊन घरी जा. आणि हाफ टाइमच्या तोंडावर कॉर्नर, सिटीच्या कोंपनीचा हेडर, 1-0. एकदा गोल खाल्ल्यावर त्या टीमला पुढे कसं जायचं तेच माहीत नव्हतं, पूर्ण मॅचमध्ये एक शॉट ऑन टार्गेट नाही आमचा. शेवटी दोघंही 89, गोल डिफरन्स त्यांचा 64 आमचा 56.

आता सांगा. फर्गी घाबरला म्हणायचं आणि अर्तेता शहाणा म्हणायचं, फरक किती? एका कॉर्नरचा. आर्सेनलचे डिफेंडर गॅब्रिएल आणि सलिबा एतिहादला त्या रात्री एकदा चुकले असते तर आज हा धागाच वेगळा असता.

(आणि खरं सांगू का, ते टायटल त्या रात्री गेलंच नव्हतं. आठ दिवस आधी एव्हर्टनशी घरी 4-2 पुढे असताना 4-4 केलं तेव्हाच गेलं. पण गच्चीवरचा टीव्ही फक्त डर्बीला (एकाच शहरातल्या दोन टीमची मॅच) चढवला होता म्हणून मला डर्बीच आठवते.)

वर्धा_टू_वारजे

काय बे, इतकं भांडता अन् आर्सेनलची व्हिलावाली मॅच कोणीच काढत नाही? 14 एप्रिल 2024. जयंतीचा दिवस, मी संध्याकाळी स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी होतो, मोबाईलवर लिव्हरपूल हरल्याचं दिसलं तं बाजूच्या अनोळखी पोराला मिठी मारली, तोही आर्सेनलवालाच निघाला. आम्हाला वाटलं आता झालं आपलं. गर्दीतून, बंद रस्त्यातून वारज्याला पोचलो तवर 80 मिनिटं झालेली. 84 ला बेली, 87 ला वॉटकिन्स. घरी 0-2. माझ्यासाठी अख्खी मॅच सात मिनिटांची.

डगआउटमधून

मी एक पोरांची टीम सांभाळतो, लोकल लीग, नाव सांगत नाही कारण पालक इथेही असतात. म्हणून थोडं त्या बाजूने लिहितो, लांबेल.

मागच्या सीझनला शेवटच्या मॅचला ड्रॉ पुरणार होती आम्हाला. मे महिना, दुपारी चारची मॅच, ग्राउंडवर गवत नावालाच, धूळ इतकी की गोलकीपर सतत डोळे चोळतोय. पासष्टाव्या मिनिटाला 1-0 पुढे. माझा उजवा विंगर, टीममधला सगळ्यात फास्ट पोरगा, त्याला मी काढला आणि एक डिफेंडर घातला. कारण? कारण तो पोरगा पाणी मागत होता, मांडी धरत होता, आणि त्याच्या मागचा राइट बॅक एकटा पडत होता. हे लाइनच्या पलीकडे उभ्या असलेल्या एकाही माणसाला दिसत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की सरांनी बेस्ट प्लेअर काढला. समोरच्यांनी पाहिलं की आता आपल्या मागे पळणारा कोणी नाही, त्यांचा लेफ्ट बॅक सरळ वर येऊन बसला, आणि आम्ही दोन खाल्ले. एका आजोबांनी मला गेटपाशी गाठून शांतपणे सांगितलं, तुम्ही जिंकायला आलाच नव्हता. आजही तो सब मी करीन की नाही मला ठरवता येत नाही.

आता अर्तेताकडे. एतिहादच्या निर्णयात मला चूक दिसत नाही. नवीन वर्षानंतर आर्सेनल अठरा लीग मॅच खेळलं, सोळा जिंकलं, एक ड्रॉ, एक हार. ती एकुलती एक ड्रॉ म्हणजे एतिहाद. एवढ्या भरातली टीम असताना सगळ्यात अवघड मैदानावरून पॉइंट आणणं याला घाबरणं म्हणत नाहीत.

व्हिलाची मॅच मात्र वेगळी. मंगळवारी चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्नशी 2-2, रविवारी व्हिला, बुधवारी परत म्युनिकला बायर्न. बायर्नविरुद्ध हाफ टाइमला लेफ्ट बॅक किविओरला काढावं लागलं होतं, म्हणून व्हिलाला झिंचेन्को सुरुवातीपासून लेफ्ट बॅक. झिंचेन्को म्हणजे बॉल आपल्याकडे असेपर्यंत देवमाणूस. तो मधे सरकतो, मिडफिल्डर होतो, आणि बॉल गेला की डावीकडे मोकळं मैदान. पहिल्या हाफला हे खपलं कारण व्हिला कोंडलेली होती. दुसऱ्या हाफला आर्सेनलचे पाय जड झाले आणि व्हिलाच्या मॅनेजरची, एमरीची टीम मोकळी झाली, तिथे आधीच बदल करायला हवे होते. राइस, सलिबा, गॅब्रिएल, ओडेगार्ड सगळे बायर्नलाही आणि व्हिलालाही. स्कायब्लूने पेपचं जे उदाहरण दिलं त्यात दम आहे तो इथे, हिमतीत नाही. पेपने हालांडला बसवलं कारण बसवायची सोय होती, मागे तेवढी माणसं होती. अर्तेताचा मागच्या माणसांवर तेवढा विश्वासच नव्हता.

गंमत म्हणजे व्हिलाशी 0-0 ठेवलं असतं तरी 90च झाले असते. म्हणजे तिथे जिंकायलाच जायला हवं होतं, तो गेला, आणि जाताना मागचं दार उघडं राहिलं.

बालेवाडी_स्कायब्लू

सर, हे नीट लिहिलंत. पण मग आमची टॉटनहॅमची मॅच घ्या. 14 मे 2024, आपल्याकडे रात्री साडेबारा, आदल्या दिवशी पुण्यात लोकसभेचं मतदान झालेलं, बोटावर शाई, ती शाई तोंडात घालून बसलो होतो मी. 1-0 पुढे असताना आमचा गोलकीपर एडरसनला टॉटनहॅमच्या रोमेरोचा गुडघा लागतो, तो उठून खेळायला तयार, बदलायला निघाले तर चिडतो, तरी पेप त्याला काढून दुसऱ्या गोलकीपरला, ऑर्टेगाला घालतो. आणि 86 व्या मिनिटाला त्यांचा सॉन एकटा समोर, ऑर्टेगाने पायाने अडवला. हा निर्णय नाही तर काय?

डगआउटमधून

डोक्याला लागलेल्या गोलकीपरला काढणं हा डॉक्टरचा निर्णय असतो हो, मॅनेजरचं काम तिथे फक्त त्याची बोलणी खायची. सॉनने तो गोल केला असता तर 1-1, आणि तुम्हीच म्हणाला असतात की एडरसन असता तर लवकर पुढे आला असता.

बालेवाडी_स्कायब्लू

म्हणालो असतो. खोटं कशाला बोलू.

पुणे_एफसीचा_जुना_माणूस

एवढं सगळं इंग्लंडचं वाचून झालं, आता म्हाताऱ्याचं ऐका. टायटल रेस आपल्या बालेवाडीतही झाली आहे. 2012-13, आय-लीग, पुणे एफसी दुसरे आले, चर्चिल ब्रदर्स पहिले. कोच डेरिक परेरा. मी सिंहगड रोडवरून स्कूटरवर जायचो, तिकिटाला रांग नाही, स्टँडमध्ये पाय पसरून बसायची सोय. त्याने कुणाला कधी काढलं, कुणाला का बसवलं, यावर भांडायला सोबत माणूसच नसायचा हो. एकदा मी एका सबवरून मोठ्याने ओरडलो तर अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं आणि खालच्या बेंचवरून कोणीतरी वळून बघितलं, मलाच लाज वाटली. नंतर आयएसएल आली, एफसी पुणे सिटी आली, पहिल्या वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे बघायला माझा मुलगाही आला. 2019 ला तीही टीम गेली, तिच्या जागी हैदराबाद. मॅनेजर चुकला म्हणायला आधी टीम लागते.

खडकीचा_रेड_डेव्हिल

काका, त्या सीझनला बालेवाडीला मी पण असायचो. ओरडणारे तुम्ही होतात होय.

औंधचा_स्काउझर

सगळे मार्च-एप्रिल-मे करतायत म्हणून एकच आठवण करून देतो आणि झोपतो. 28 डिसेंबर 2023, आर्सेनल घरी वेस्ट हॅमकडून 0-2. 31 डिसेंबर, फुलहॅमकडून 1-2. यातली कुठलीही एक जिंकला असतात तर 92.

कोथरूडचा_गनर

त्या दोन्ही मॅच मी बघितल्याच नाहीत. मावसभावाचं लग्न होतं साताऱ्याला, चार दिवस रेंज नव्हती.

बालेवाडी_स्कायब्लू

मी बघितल्या. दोन्ही. रूमवर एकटाच होतो, पहिली रात्री पावणेदोनला सुरू झाली तरी जागा राहिलो.

नारायणपेठी_निरीक्षक

म्हणून म्हटलं होतं.