स्लाइड आधी की हिस्टरी आधी? तोंड-जबड्याच्या पॅथॉलॉजीची तयारी

जांभळी काच (धागा)

ओरल अँड मॅक्सिलोफेशियल पॅथॉलॉजीच्या स्पेशालिस्ट परीक्षेला बसणाऱ्या तिघांसोबत मी आठवड्यातून दोनदा स्लाइड बघायला बसते. तिघांचंही वाचन दांडगं आहे. ओडोंटोजेनिक (दात घडवणाऱ्या ऊतीतून येणाऱ्या) ट्यूमरची यादी झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. पण मायक्रोस्कोपवर काच ठेवली की पहिला प्रश्न ठरलेला: "हिस्टरी काय?", म्हणजे रुग्णाची माहिती काय. आणि हिस्टरी कळली की बघणं तिथेच संपतं. पुढे सुरू होतं ते आठवणं.

म्हणून माझं मत मांडते. तयारीच्या पहिल्या दिवसापासून स्लाइड आधी, बाकी सगळं नंतर. हिस्टरीचा कागद पालथा ठेवायचा. 4 ची, म्हणजे लो पॉवरची लेन्स लावून अख्खा तुकडा कडेकडेने फिरायचा, दोन मिनिटं हाय पॉवरला हात लावायचा नाही. मग तीन ओळी लिहायच्या, त्यात निदान नको, नुसतं वर्णन. मग शक्यतांची यादी. मग कागद उलटायचा. पुस्तक सगळ्यात शेवटी.

हे मी ठेच लागून शिकले. माझ्या परीक्षेआधीच्या सरावात एका कागदावर लिहिलं होतं, "खालचा जबडा, मृत दाताच्या मुळाशी सिस्ट." मी काच लावली, कोलेस्टेरॉलच्या फटी दिसल्या, भरपूर सूज दिसली, जाळीसारखं वाढलेलं एपिथेलियम (अस्तराच्या पेशींचा थर) दिसलं. रॅडिक्युलर सिस्ट (मृत दाताच्या मुळाशी सुजेतून होणारी) लिहून मोकळी झाले. तुकड्याच्या एका टोकाला सूज पोचली नव्हती. तिथे जेमतेम एक मिलिमीटर अस्तर निराळं होतं: सहा-आठ पेशींची जाडी, वर लाटालाटांचं पॅराकेरॅटिन (केरॅटिनचा थर), खाली गडद केंद्रकांच्या बेसल पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीने उभ्या. ओडोंटोजेनिक केरॅटोसिस्ट, म्हणजे परत उद्भवण्याची खोड असलेली वेगळीच सिस्ट. सूज आली की हे अस्तर आपली ओळखच हरवून बसतं, हे मी वाचलेलं होतं. तरीही त्या टोकाला गेले नाही, कारण कागदाने मला उत्तर आधीच दिलं होतं. खऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही चूक झाली, तर परत उद्भवणाऱ्या सिस्टवर पुढची काही वर्षं कुणाची नजरच राहणार नाही.

हाडवैद्य

कळकळ पोचली, पण पद्धत पटली नाही. जबड्याच्या हाडाबाबत तर ती धोक्याची आहे.

जायंट सेलची स्लाइड घ्या. सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा, हायपरपॅराथायरॉइडिझमचा ब्राउन ट्यूमर आणि चेरुबिझम, तिन्ही काचेवर सारखेच दिसू शकतात. दोन मिनिटं बघा नाहीतर दोन तास. वेगळेपण कळतं ते रक्तातल्या कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोनवरून (पॅराथायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनवरून), वयावरून, दोन्ही बाजूंचे जबडे फुगलेत का यावरून. फायब्रो-ऑसियस विकारांचंही तेच. तंतुमय ऊतीत हाडाचे तुकडे हे वर्णन फायब्रस डिस्प्लेजियालाही लागू, ऑसिफायिंग फायब्रोमालाही, सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेजियालाही. एक्स-रेवर पहिला घासलेल्या काचेसारखा धूसर, आजूबाजूच्या हाडात विरघळत गेलेला. दुसऱ्याला स्पष्ट कड. तिसरा बहुधा दातांच्या मुळांच्या टोकाशी.

रेडिओग्राफ न मागता हाडाच्या स्लाइडवर बोलायला लागलेल्या उमेदवाराला वायवात (तोंडी परीक्षेत) कुणी शाबासकी देणार नाही. तुम्ही मुलांना नेमकी तीच सवय लावता आहात.

टाळू

धागाकर्तीशी सहमत, आणि माझं कारण हाडातलं नाही.

टाळूवरचा खोल व्रण, तंबाखूचं व्यसन, वय पन्नाशीचं. एवढं वाचलं की डोळा कॅन्सरच शोधतो. काचेवर स्क्वेमस पेशींची बेटं दिसतातही. पण ती लाळग्रंथीच्या नळ्यांमध्ये आणि लोब्यूलमध्ये (ग्रंथीच्या छोट्या कप्प्यांत) झालेली मेटाप्लेजिया, म्हणजे पेशींचा निरुपद्रवी प्रकारबदल असू शकतो. नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेजिया, 1973 साली वर्णन झालेला विकार, काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. ओळखायची खूण लो पॉवरवरच आहे: ग्रंथीचा लोब्यूलर आराखडा शाबूत राहतो, बेटांच्या कडा गुळगुळीत असतात. थेट 40 ची लेन्स लावणाऱ्याला आराखडा दिसत नाही, फक्त पेशी दिसतात. कॅन्सर म्हणून रिपोर्ट गेला तर विनाकारण कुणाचा तरी टाळू कापला जाऊ शकतो.

जिभेवरचा ग्रॅन्युलर सेल ट्यूमर याच जातीचा सापळा. वरचं एपिथेलियम इतकं खाली वाढतं की वरवरच्या बायोप्सीत कार्सिनोमाच भासतो. खालच्या दाणेदार पेशी तुकड्यात आल्याच नसतील, तर "तुकडा अपुरा आहे, खोल बायोप्सी हवी" हेच बरोबर उत्तर. परीक्षेत असं लिहायला धीर लागतो.

रात्रपाळी

तुम्ही सगळे स्लाइडवरच अडकलात. मी पहिल्या खेपेला लेखी पेपरात नापास झालो. स्लाइड उत्तम गेल्या होत्या. वर्षभर काचा बघितल्या होत्या, तक्ते "नंतर" म्हणून ठेवले होते, आणि ते नंतर आलंच नाही.

काही गोष्टी पाठच लागतात. एजेसीसीच्या (कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या) 8 व्या आवृत्तीनुसार मुखाच्या कॅन्सरमध्ये इन्व्हेजनची (गाठ आत घुसल्याची) खोली टी-स्टेजमध्ये (गाठीच्या टप्प्यात) धरतात. दीड सेंटिमीटरची गाठ, पण खोली 7 मिलिमीटर, तर ती टी1 राहत नाही, टी2 होते. खोलीच्या सीमेचे 5 आणि 10 मिलिमीटर हे आकडे कुठल्या लेन्समधून दिसणार? कुठल्या ट्यूमरमध्ये कुठलं जनुक बदलतं तेही पाठच: म्युकोएपिडर्मॉइडमध्ये एमएएमएल2, सिक्रेटरी कार्सिनोमामध्ये ईटीव्ही6-एनटीआरके3, अ‍ॅडेनॉइड सिस्टिकमध्ये बहुतेकदा एमवायबी, अमेलोब्लास्टोमात बीआरएएफ व्ही600ई. घोकंपट्टी हा शब्द इथे फार हलका करून वापरला जातो. ज्याला नोकरी सांभाळून रोज दोनच तास मिळतात, त्याने ते तास कुठे घालवायचे, याचं उत्तर द्या.

जांभळी काच

रात्रपाळी, तुमचा अनुभव मनाला लागला. तक्ते सोडा असं मला म्हणायचं नाही. क्रम उलटा करा, एवढंच. खोलीचा आकडा पाठ आहे, पण मोजायचं कुठून? शेजारच्या निरोगी म्यूकोसाच्या (तोंडाच्या आतल्या त्वचेच्या) बेसमेंट मेम्ब्रेनची (एपिथेलियमखालच्या पातळ पडद्याची) काल्पनिक रेषा धरायची आणि तिथून खाली ओळंबा सोडल्यासारखं मोजायचं. ट्यूमरची जाडी निराळी. गाठ बाहेर वाढली असेल तर जाडी जास्त आणि खोली कमी. व्रण पडला असेल तर उलट. ज्याने हे चार काचांवर पट्टी धरून मोजलं, तो 5 आणि 10 विसरणार नाही. रोजच्या दोन तासांपैकी पाऊण तास काचा आणि सव्वा तास त्याच काचांवरचं वाचन, असं मी सांगेन.

जुना नवा

वर्गीकरण पाठ करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 2005 साली डब्ल्यूएचओने केरॅटोसिस्टला ट्यूमर केलं: केरॅटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर. 2017 साली परत सिस्ट. ज्यांनी नुसतं नाव घोकलं ते दोन्ही वेळा गोंधळले. ज्यांना वाद ठाऊक होता त्यांचं काहीच अडलं नाही: एका बाजूला पीटीसीएच1 या जनुकातले बदल आणि परत येण्याची खोड, दुसऱ्या बाजूला मार्सुपियलायझेशननंतर (सिस्टला खिडकी पाडून ती उघडी ठेवल्यानंतर) अस्तर साध्या एपिथेलियमसारखं होणं. वायवात नाव कधी बदललं एवढं सांगून भागत नाही, का बदललं तेही विचारतात. रात्रपाळींचं बरोबर आहे की वाचावं लागतं. फक्त तक्त्याच्या मागचं वाचावं.

काचेचा माणूस

थोडं विषयांतर. हल्ली तयारी स्क्रीनवरच्या डिजिटल स्लाइडवर चालते. सोय आहे, नाकारत नाही. पण पिंडबोर्ग ट्यूमरमधलं (हाही एक ओडोंटोजेनिक ट्यूमर) अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन काँगो रेडने रंगवून ध्रुवित प्रकाशात बघा, फिल्टर फिरवताना विटकरी रंगातून सफरचंदी हिरवा उगवतो. तो ज्याने स्वतःच्या हाताने एकदा फिरवून पाहिला, त्याला पुन्हा विचारावं लागत नाही.

हाडवैद्य

पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. म्यूकोसालाही तुमचा नियम पुरता लागू पडत नाही. पेम्फिगस या फोडांच्या आजारात फट बेसल थराच्या वर, बेसल पेशी खाली थडग्यांच्या दगडांसारख्या उभ्या राहतात. म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड या दुसऱ्या फोडांच्या आजारात अख्खं एपिथेलियम खालून सुटतं. काचेवर दिसतं, मान्य. पण तुकड्यात फक्त व्रणाचा तळ आला असेल तर काय दिसणार? तिथे उमेदवाराने म्हणायला हवं की फोड नसलेल्या शेजारच्या भागाचा दुसरा तुकडा डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (ऊतीतली अँटीबॉडी चमकवून दाखवणाऱ्या चाचणीसाठी) द्या, आणि तो फॉर्मालिनमध्ये नको, मिशेलच्या द्रावणात ठेवा. हे ज्याला आधी तोंडातले फोड डोळ्यांसमोर येतात त्यालाच सुचतं. रुग्ण आधी, काच नंतर.

टाळू

रुग्ण आधी असेल तर दोन चांगल्या पॅथॉलॉजिस्टांचं एपिथेलियमच्या डिस्प्लेजियाच्या (कॅन्सरपूर्व बदलाच्या) ग्रेडवर एकमत का होत नाही? एकाला माइल्ड, दुसऱ्याला मॉडरेट, काच तीच. मला वाटतं त्यातला काही भाग कागदावरच्या "ल्युकोप्लेकिया (पांढरा चट्टा), जिभेची कड" या शब्दांचाही असतो. म्हणून मी ग्रेड आधी पेन्सिलने लिहितो, हिस्टरी वाचतो, आणि ग्रेड बदलली तर कारण लिहितो.

हाडवैद्य

पेन्सिलची सवय चांगली आहे. मी घेतली. पण तुम्ही कारण लिहून ग्रेड बदलता, म्हणजे हिस्टरीला वजन देताच.

जांभळी काच

हाडवैद्य, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून काल आमची पेटी नव्याने लावली. हाडाच्या प्रत्येक काचेला तिचा एक्स-रे जोडला, आणि तो आधी बघायचा असं ठरलं. जायंट सेलच्या तीन काचांवर कॅल्शियमचा रिपोर्ट मुद्दाम लावला नाही. तो त्यांनी मागायचा. पहिल्याच फेरीत तिघांपैकी एकीने मागितला.

सिस्ट आणि म्यूकोसाच्या काचांचे कागद मात्र अजून पालथेच आहेत. ते मी उलटणार नाही.