ईयोबाचा धीर की ईयोबाची तक्रार?

मूळ मत
ईयोब हा बायबलमधील नीतिमान माणूस; काही दोष नसताना त्याची संपत्ती, मुले आणि आरोग्य हिरावले जाते. त्याचे नाव निघाले की 'धीर' हा शब्द पाठोपाठ येतो, आणि याचे श्रेय नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातील, याकोबाच्या पत्राला जाते, असे माझे मत आहे. ईयोबाच्या मूळ हिब्रू ग्रंथाच्या ४२ अध्यायांपैकी पहिल्या दोन अध्यायांतच हा शांत ईयोब भेटतो; तिसऱ्यात तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे थेट देवाकडे जाब मागतो. दुःख हे पापाचेच फळ, असे बजावणाऱ्या अलीफज, बिल्दद आणि सोफर या मित्रांवर शेवटी देवच रागावतो आणि ईयोब आपल्याविषयी यथार्थ बोलला, असे म्हणतो. ही तक्रार ज्यू परंपरेने जपली. ख्रिस्ती परंपरेने तिची सोशिकता केली.

प्रतिसाद
ही विभागणी मला मुळीच मान्य नाही. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही क्रुसावरील येशूची आरोळी बाविसाव्या स्तोत्रातील, म्हणजे ज्यू विलापातीलच आहे, आणि येशूचे चरित्र सांगणाऱ्या मार्क व मत्तय या दोघांनी ती लपवलेली नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो.

मूळ मत मांडणारा
योहानाचा दाखला बिनतोड आहे, पण तेथेच पुढे, देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून हे अंधत्व आहे, असे येते, आणि माझा आक्षेप नेमका या हेतूला आहे. ईयोबाशी देव वावटळीतून बोलतो, मात्र कारण सांगत नाही. अखेरीस त्याची ७,००० मेंढरे १४,००० होतात. मुले मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली. आधीची दहा परत येत नाहीत. मूल गमावलेल्या आईबापांना हा हिशेब भरपाई म्हणून कोणी ऐकवू नये, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक प्रतिसाद
दुःखाला हेतू जोडणारे ज्यू परंपरेतही होते. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातील बराखोत या भागात 'प्रेमाच्या यातना', म्हणजे देव प्रेमापोटी देतो ते दुःख, हा विचार सविस्तर आला आहे. त्याच चर्चेत रब्बी योहानान हे आजारी रब्बी हिय्या बार अब्बा यांना विचारतात, "या यातना तुम्हांला प्रिय आहेत का?" उत्तर येते, "त्याही नकोत आणि त्यांचे फळही नको." योहानान त्यावर वाद घालत नाहीत, हिय्या यांना हात पुढे करायला सांगतात आणि त्यांना उठवतात. पुढे योहानान स्वतः अंथरुणाला खिळतात तेव्हा रब्बी हनीना यांना यावे लागते, कारण बंदिवानाला स्वतःची सुटका करता येत नाही, असे तालमूद सांगतो.