टँकमधल्या कोकाटू अपिस्टो माशांमधली 'दुसरी मादी' खरंच मादी आहे का? ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा घाईनं विचारतोय कारण तीन माशांपैकी एकाची शेपूट रोज थोडी थोडी फाटत चाललीय आणि मला अजून तो नर की मादी तेच कळेना.

दिवाळीनंतर इथं कोल्हापुरातच एका दुकानातून कोकाटू अपिस्टोग्रामा (म्हणजेच अपिस्टो) म्हणून तीन मासे आणले, दुकानदार म्हणाला एक नर दोन माद्या, बिनधास्त न्या. दुकानातल्या त्याच टाकीत अगासिझी, म्हणजे अपिस्टोचीच दुसरी जात, पण सोडलेले होते, तेव्हा मी लक्ष दिलं नाही आणि आता तेच डोक्यात घोळतंय.

टँक दोन बाय एक बाय एक फुटाचा, म्हणजे साधारण ५५ लिटर, खाली बारीक वाळू, स्पंज फिल्टर, दारातल्या जंगली बदामाची वाळलेली पानं आणि नारळाच्या तीन करवंट्या पालथ्या घालून कडेला बोट जाईल एवढं भोक पाडलंय. आमचं बोअरचं पाणी लै जड, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५०० च्या वर, म्हणून निम्म्याहून जास्त आरओ फिल्टरचं पाणी मिसळतो. हीटर २९ ला आहे, दुकानात तसंच सांगितलं होतं.

मोठ्याबद्दल शंका नाही. सात सेंटीमीटर, पाठीवरच्या फिनचे (पराचे) पुढचे काटे तुऱ्यासारखे उभे, शेपटीला वर खाली दोन टोकं आणि त्यात नारिंगी ठिपके. नरच.

धाकटी चार सेंटीमीटरची, गेल्या आठवड्यापासून हळदीसारखी पिवळी झालीय, अंगावर काळा पट्टा आणि पोटाखालच्या दोन फिनांची पुढची कड काजळ घातल्यासारखी काळी. डाव्या करवंटीच्या तोंडाशी बसून असते आणि कुणी जवळ आलं की अंगावर जाते.

घोळ तिसऱ्याचा आहे. आणला तेव्हा हा पण तसाच फिकट, पिवळसर, मोठा नर त्याला काही करत नव्हता, म्हणून मी पण मादीच समजून चाललो. पण आता पाच सेंटीमीटर झालाय, पोटाखालचे फिन काळे नाहीतच, उलट लांब आणि टोकाला नारिंगी होतायत, शेपूट मात्र अजून गोलच आहे, दोन टोकं नाहीत. मोठा त्याला कोपऱ्यात दाबतो, धाकटी पण हाकलते. फोटो टाकलेत पण लाइट पिवळी असल्यानं रंग नीट कळत नाही म्हणून एवढं लिहिलं. हा अगासिझी आहे का कोकाटूच? आणि नर असेल तर इतके दिवस मादीसारखा का दिसत होता?

प्रतिसाद : भावा, आधी जात ठरव मग नर मादी. संध्याकाळी खायला घालायच्या आधी टॉर्च न मारता शांत बस आणि दोन गोष्टी बघ. एक, मधला काळा पट्टा शेपटीच्या मुळाशी थांबतोय का थेट शेपटीत घुसतोय. अगासिझीचा शेपटीत जातो, आणि त्याच्या नराची शेपूट मोठेपणी मधे एकाच टोकाला निमुळती होते. दोन, मधल्या पट्ट्याच्या खाली पोटाच्या बाजूला बारीक आडव्या रेघा आहेत का. त्या असतील तर कोकाटू. शेपूट गोल आहे यावर जाऊ नकोस, कोकाटूच्या नराला ती दोन टोकं उशिरा फुटतात.

मादीसारखा दिसण्याचं म्हणशील तर अपिस्टोत दबलेले नर असंच करतात, मोठ्याच्या नजरेत येऊ नये म्हणून वाढ आणि रंग दोन्ही धरून ठेवतात आणि अंडी घालायच्या वेळी हळूच मधे शिरतात. फिनची काळी कड मात्र त्यांना नीट जमत नाही, माझा भरवसा त्याच्यावरच. आणि हीटर कमी कर बाबा. अपिस्टोच्या पिल्लांत नर किती माद्या किती हे पहिल्या महिन्याभरात पाण्याच्या तापमानावर बरंच ठरतं, १९९६ साली यावर अभ्यास छापून आलाय, २३ ला माद्या जास्त, २९ ला नर जास्त. २६ ठेव.

धागाकर्ता : दादा, लै उपकार झाले. काल सात वाजता स्टूल घेऊन बसलो, पाऊण तास हललो नाही. पट्टा शेपटीच्या मुळाशीच थांबतो, आणि पोटावर तीन रेघा आहेत, पेन्सिलनं ओढल्यासारख्या, तो पानाखाली वळला की स्पष्ट दिसतात. म्हणजे कोकाटूच, आणि नर. अगासिझीचा घोळ मिटला.

रात्रीच त्याला जाळीनं काढून बारक्या टँकमधे ठेवलं, जुन्याच टँकचं पाणी आणि दोन पानं घालून. सकाळी शेपूट तशीच फाटकी आहे पण पाठीवरचा फिन पहिल्यांदा पूर्ण उघडलेला बघितला, पुढचे तीन काटे चांगले लांब आहेत, इतके दिवस मिटूनच फिरत होता बिचारा. ब्लडवर्म (लाल अळ्या) पण खाल्ले.

हीटर रोज एक एक अंश उतरवतोय. धाकटी करवंटीतून बाहेरच येईना, मोबाईल आत धरून व्हिडिओ काढला तर छताला लालसर दाणे चिकटलेत, पन्नास एक तरी असतील. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची) अंडी उबवायला आजच आणतो, माशाची पिल्लं पोहायला लागली की खायला लगेच तेच लागणार.

या दुसऱ्या नरासाठी कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागात कुणाकडे कोकाटूच्या माद्या असतील आणि टँकमधे दुसरा नर नसेल तर सांगा, पैसे नकोत, मी स्वतः आणून देतो.