मदत हवी आहे : ‘श्यामची आई’वरून सर्जनशील लेखन कसं घ्यावं?

नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यात नववीला मराठी शिकवते. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तला पोहण्याचा प्रसंग वर्गात वाचला. विहिरीला घाबरून श्याम लपून बसतो आणि आई हाती शिंपटी घेते, तो. ‘हाच प्रसंग आईच्या तोंडून लिहा’ असं सांगितलं. बत्तीस वह्यांपैकी जवळजवळ तीसमध्ये गोष्टीचा सारांशच आला, फक्त ‘श्याम’च्या जागी ‘माझा मुलगा’. शेवटी ‘मुलांनी आईचं ऐकावं’ हे ठरलेलं वाक्य.

एका मुलीने मात्र आईला वऱ्हाडीत बोलतं केलं. मारून झाल्यावर चुलीपुढे एकटीच बसलेली आई, आणि हातातली शिंपटी ती चुलीत घालते. हे पुस्तकात नाही, तिचं स्वतःचं आहे. वाचून मला भरून आलं. पण आता गुण कसे देऊ? शुद्धलेखनाचे कापावेत, असं मन अजिबात घेत नाही. आणि श्यामची आई पालगडची, कोकणातली. तिने वऱ्हाडीत बोललेलं चालावं ना? मला तरी चालावं असं वाटतं.

दहा गुणांची विभागणी तुम्ही कशी करता? सारांश टाळायला प्रश्न कसा विचारता? एखादाच क्षण द्यावा, की सुरुवातीचं वाक्य? पुढच्या आठवड्यात बहिणाबाईंची कविता घेणार आहे. वर्गात करून पाहिलेलं काही असेल तर कृपया सविस्तर सांगा. मुलांच्या वह्यांतले नमुने (नाव न देता) मिळाले तर फारच मदत होईल.