धावत जाऊन केलेले श्रमदान : आपापल्या गावचे अनुभव

आमच्या गावात पहाटे धावणारी मुले पूर्वीही होती. परंतु ती भरतीसाठी धावत आणि भरती झाली किंवा वय उलटले की थांबत. गेली ३ वर्षे आम्ही दर रविवारी गावापासून ३ किलोमीटर धावत एखाद्या कामाच्या जागी जातो, तासभर श्रमदान करतो आणि धावतच परत येतो. लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या 'गुडजिम'विषयी वाचल्यावर ही कल्पना सुचली. तेथील काही धावपटू एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे नेमाने धावत जातात आणि त्या वृद्धांनाच 'प्रशिक्षक' म्हणतात, कारण कोणी वाट पाहत असले की धावणे चुकत नाही. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांच्या या मुलखाला श्रमदान नवे नाही, त्याला धावण्याची जोड मात्र आम्हाला नवी होती. आपल्या गावात असे काही चालत असेल, तर जमलेले आणि फसलेले दोन्ही लिहावे, ही विनंती.

संत्रा बागायतदार, वरुड तालुका

पाणी फाउंडेशनच्या २०१६ मधील पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत आमचा वरुड तालुका होता. त्या काळात तालुक्यात टेकड्यांवर पावसाचे पाणी अडवणारे सलग समतल चर खोदले गेले. पण चर खोदणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच पावसाळ्यापूर्वी त्यातील गाळ काढणेही महत्त्वाचे असते, आणि त्या कामाला पुढे माणसे मिळेनात. आमचा धावण्याचा गट त्यासाठीच उभा राहिला. पहिल्याच महिन्यात चौघांच्या कमरेत उसण भरली. चढ धावून आलेल्या थकलेल्या पायांनी आम्ही लगेच कमरेतून वाकून गच्च भरलेली घमेली उचलत होतो, हे त्याचे कारण. आता टेकडीवर पोहोचल्यावर आधी १० मिनिटे नुसते चालतो, घमेले अर्धेच भरतो, गुडघ्यांत वाकून उचलतो आणि साखळी करून हातोहात पुढे देतो. टिकास मारणाऱ्याने दर १५ मिनिटांनी जागा बदलायची, हा नियम आम्ही मोडू देत नाही. मांड्या आणि पाठ यांना जी ताकद या कामातून आली, ती मला आधीच्या कित्येक वर्षांच्या नुसत्या धावण्यातून आली नव्हती.

गृहिणी, यवतमाळ जिल्हा

आमच्याकडे बाई रस्त्याने धावताना दिसली, की घरात काही विपरीत घडले असावे असे लोकांना वाटे, आणि तसे नाही हे कळल्यावर होणारी चर्चा अधिक त्रासदायक असे. आम्ही सहाजणी शाळेभोवतीचे गाजर गवत काढायला धावत जाऊ लागलो तेव्हा ही चर्चा हळूहळू थांबली. धावण्याचे कारण गावाला पटले नव्हते, कामाचे मात्र लगेच पटले. माझ्या सासूबाई आता स्वतःच सकाळी हाक मारून उठवतात.

या कामाविषयी एक काळजीची गोष्ट सांगते. गाजर गवत फुलण्याआधीच उपटले पाहिजे, कारण एकेका झाडाला हजारो बिया धरतात. आणि पाऊस पडून जमीन ओली असताना उपटले तर ते मुळासकट येते. आमच्यातील एका ताईंनी ते उघड्या हातांनी काढले आणि त्यांच्या दोन्ही हातांवर पुरळ उठून कितीतरी दिवस खाज राहिली. तेव्हापासून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांशिवाय आम्ही कोणालाही गवताला हात लावू देत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण धावण्यासाठी टाळावी. चिखल जोड्यांना थरावर थर चिकटतो आणि पाय मुरगळतो. मुरमाचा रस्ता लांबचा असला तरी तोच धरावा.

शिक्षक, बुलढाणा जिल्हा

आमचा प्रयत्न फसला. धावता धावता प्लास्टिक वेचायचे ठरले, पोती भरली, पण त्यांचे पुढे काय करायचे हे कोणीच ठरवले नव्हते. शेवटी कोणीतरी ती नाल्याकाठी पेटवून दिली आणि जो धूर झाला, त्यानंतर गावकऱ्यांना तोंड दाखवणे कठीण झाले. कचरा घेणारा माणूस आधी शोधावा, मगच वेचायला निघावे.

आरोग्य सेविका, गडचिरोली जिल्हा

आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत, त्यामुळे गटात येणाऱ्या प्रत्येकाला तपासणी झाली आहे का, हे मी विचारतेच. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांच्या अंगातील पाणी कमी झाले की विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. वाहक व्यक्ती एरवी ठणठणीत असते, परंतु उन्हात पाण्यावाचून अतिश्रम केल्यास तिलाही अपाय होऊ शकतो. आमच्या गटातील एक आजारी मुलगी धावत नाही. ती रोपांची नोंद ठेवते, कोणत्या रोपाला केव्हा पाणी घालायचे ते ठरवते, आणि तिच्यावाचून आमचे काम अडते. उन्हाळ्यात सर्वांसाठी १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून आम्ही सोबत ठेवतो.

भरतीची तयारी करणारा, सिंदेवाही तालुका

आमच्याकडे वाघाचा वावर आहे. मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला गेलेल्या माणसांचे जीव गेलेले आहेत, म्हणून सूर्य वर आल्याशिवाय गावाबाहेर कोणी धावत नाही आणि एकट्याने तर कधीच नाही. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर धावावे लागते. गावाच्या शेवटच्या घरी एक आजोबा एकटे राहतात, मुलगा पुण्याला असतो. आमच्या घरापासून त्यांच्या ओसरीपर्यंतचे अंतर मोजले तर बरोबर ८०० मीटर भरले. आम्ही पाळीने जातो, त्यांचे पाणी भरतो, औषधे आणून देतो, आणि ते चावीचे घड्याळ हातात धरून जाण्यायेण्याची वेळ घेतात.

यंदा माझे काही गुण कमी पडले. त्या आठवड्यात मी कोणाकडेच गेलो नाही. पाचव्या दिवशी आजोबांनी शेजारच्या मुलाकडून निरोप पाठवला, की घड्याळाला चावी दिलेली आहे आणि पाण्याचा गुंड रिकामा आहे. मी दुसऱ्या सकाळी गेलो. मागच्या वेळेपेक्षा ११ सेकंद जास्त लागले, एवढेच सांगून त्यांनी रिकामा गुंड माझ्या पुढे सरकवला.